अधिकारारूढांची नावे आणि लोकांची मिळकत

सार्वजनिक मिळकतीला कोणाचे नाव द्यावे, या विषयावर आपल्याकडे मोर्चे निघतात, सभागृहे तहकूब होतात आणि वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने भरून जातात. परंतु ज्याचे नाव द्यावयाचे ती व्यक्ती त्या घटकेला स्वतःच अधिकारावर असेल, तर ते नाव देण्याचा हक्क कोणाला असावा, आणि मुळात असा हक्क कोणालाही असावा काय, या प्रश्नाचा कायद्याच्या अंगाने सलग विचार झालेला फारसा आढळत नाही. रस्ता, पूल, धरण, मंडई, रुग्णालय यांपैकी काहीही घेतले तरी ते रयतेच्या पैशातून उभे राहते, आणि त्याचा कारभार पाहणारे लोक ठराविक मुदतीसाठी नेमलेले विश्वस्त असतात. विश्वस्ताने विश्वस्तनिधीतून स्वतःचे स्मारक उभारू नये, हे तत्त्व धर्मादाय संस्थांच्या बाबतीत आपण निरपवाद मानतो. तेच तत्त्व राज्यसंस्थेला लावताना मात्र अनेक देश अडखळले, काहींनी ते ठेचा खाऊन पत्करले, आणि भारताने अद्याप ते कायद्यात आणलेले नाही.

आपल्या मुलुखापुरते पाहिले तर हा शिरस्ता इंग्रजी अमलात पक्का झाला. पुण्यात १८८५ साली सुरू झालेल्या महाविद्यालयाला मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव मिळाले, आणि ते देणाऱ्या मंडळींत टिळक-आगरकरांसारखे बाणेदार पुरुष होते. राजाश्रयावाचून नवी संस्था उभी राहणे किती दुर्घट होते, याची कल्पना एवढ्यावरून यावी. भंडारदऱ्याच्या धरणाचे उद्घाटन १९२६ साली गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते झाले आणि धरणाला नावही त्यांचेच पडले. सत्ता परकी असल्यामुळे तिला लोकांची संमती विचारण्याचे कारण नव्हते, आणि नाव देणे हा राजनिष्ठेच्या नजराण्याचाच एक प्रकार होता.

या काळातील दोन मंडयांची हकिकत मात्र थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. मुंबईतील मोठी मंडई १८६९ साली पुरी झाली आणि तिला शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव जोडले गेले. क्रॉफर्ड कर्तबगार होते यात शंका नाही. मुंबईच्या आरोग्यव्यवस्थेला त्यांनी वळण लावले. पुढे ते मध्य विभागाचे कमिशनर झाले, आणि १८८८ साली त्यांच्यावर मामलेदारांकडून पैसे उकळल्याचे आरोप होऊन चौकशी आयोग बसला. ‘क्रॉफर्ड प्रकरण’ या नावाने ते सबंध महाराष्ट्रात गाजले; साक्षी देणाऱ्या मामलेदारांवर सूड उगवला जाऊ नये म्हणून टिळकांनी त्यांची बाजू हिरिरीने लढविली. मंडईवरील नाव मात्र होते तेथेच राहिले. मनुष्य अधिकारावर असताना त्याच्या चरित्राचा हिशेब पुरा झालेला नसतो, आणि अपुऱ्या हिशेबावर मोहोर उठविली म्हणजे ती पुसणे कसे अवघड होते, याचे याहून बोलके उदाहरण आपल्या इतिहासात शोधावे लागेल.

दुसरी मंडई पुण्याची. ती बांधण्याचा विचार चालू असता जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते. गरिबांच्या शिक्षणावर पैसा खर्च व्हावयाचा सोडून तो भव्य इमारतीवर जावा, हे त्यांना मान्य नव्हते आणि तसा विरोध त्यांनी नोंदविला. त्याच सभासदत्वाच्या काळात, १८८० साली, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे-भेटीप्रीत्यर्थ पालिकेच्या तिजोरीतून एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याला विरोध करणारे जोतीराव एकटेच होते. अधिकारारूढ व्यक्तीच्या सन्मानासाठी लोकांचा पैसा वापरू नये, ही भूमिका महाराष्ट्रात इतक्या स्पष्टपणे त्यापूर्वी कोणी सभागृहात मांडली असेल असे मला वाटत नाही, आणि आज या विषयावर कायदा करावयाचा झाल्यास त्याची पूर्वपीठिका परदेशातून आणण्याची गरज नाही. मंडई बांधली गेली. तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती महात्मा फुले मंडई झाली. मुंबईची क्रॉफर्ड मंडईही आज कागदोपत्री महात्मा जोतिबा फुले यांच्याच नावाने आहे. अधिकाऱ्यांच्या हयातीतील दोन्ही नावे काळाने बाजूला सारली, आणि त्यांच्या जागी जो आला त्याने स्वतःसाठी कधी काही मागितले नव्हते.

स्वराज्य जवळ आले तरी शिरस्ता सुटला नाही. चर्चगेटजवळची दोन क्रीडांगणे हाकेच्या अंतरावर आहेत आणि दोन्ही या विषयाची साक्ष देतात. ब्रेबर्न स्टेडियमसाठी समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीची मागणी करताना क्रिकेटच्या चालकांनी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांना, सरकारसाठी पैसा हवा की स्वतःसाठी अमरत्व हवे, असे विचारल्याची कथा क्रिकेटच्या वर्तुळात प्रसिद्ध आहे. कथेतील शब्द कसे का असेनात, व्यवहाराचे स्वरूप तिच्यात स्वच्छ उतरले आहे: सरकारी जमीन एका पारड्यात, आणि ती देणाऱ्याचे नाव दुसऱ्या पारड्यात. पुढे त्या क्रीडांगणाच्या मालक क्लबशी तिकिटांच्या वाटपावरून बेबनाव झाला, तेव्हा मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी नवे क्रीडांगण उभारण्याचा ध्यास घेतला. १९७५ च्या जानेवारीत तेथे पहिला कसोटी सामना झाला, तेव्हा वानखेडे हे महाराष्ट्र विधानसभेचे विद्यमान अध्यक्ष होते, जमीन राज्य सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली होती, आणि नाव त्यांचेच होते. त्यांचे परिश्रम खरे होते, आणि त्या नावाविषयी आज कोणाच्या मनात किल्मिष नाही. तरीही सांगितले पाहिजे की, व्यक्ती लायक होती की नव्हती हा येथे मुद्दाच नव्हे. लायकी पाहून सूट देणारा नियम लावावयाचा झाला, तर ती लायकी ठरविणार कोण, याचे उत्तर पुन्हा त्याच आसनापाशी येऊन थांबते.

स्वतंत्र भारताच्या सरकारने या विषयाकडे अगदीच पाठ फिरविली असे नाही. १९५३ साली केंद्रीय गृहखात्याने राज्यांना पाठविलेल्या पत्रात, गावांची व शहरांची नावे खास कारणावाचून बदलू नयेत, ऐतिहासिक संबंध असलेल्या नावांना शक्यतो हात लावू नये, आणि केवळ स्थानिक अभिमानाखातर किंवा राष्ट्रीय पुढाऱ्यांविषयी आदर दाखविण्याखातर बदल करू नये, अशी समज दिली होती. परंतु ही मार्गदर्शक सूचना होती. तिला कायद्याचे बळ नव्हते, आणि नव्याने बांधलेल्या वास्तूंना ती लागूच पडत नव्हती. त्यामुळे तीनच वर्षांनी, १९५६ च्या डिसेंबरात, बनिहालच्या डोंगरातून जम्मू आणि काश्मीर खोरे यांना जोडणारा बोगदा वाहतुकीस खुला झाला तेव्हा त्याला पंतप्रधानपदावर असलेल्या जवाहरलाल नेहरूंचे नाव देण्यास कोणतीच आडकाठी आली नाही. नेहरूंसारख्या लोकशाहीनिष्ठ पुरुषाने ते होऊ द्यावयास नको होते, असे मी आदर राखूनच म्हणेन. कारण मोठ्या माणसाने घातलेला पायंडा लहान माणसांच्या फार उपयोगी पडतो.

कायद्याच्या दप्तरात या विषयाला जवळचा असा एकच अधिनियम सापडतो, तो १९५० चा राष्ट्रचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणारा. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी किंवा भारताचे पंतप्रधान यांचे नाव अगर चित्र केंद्र सरकारच्या परवानगीवाचून धंद्यासाठी वापरण्यास त्याने मनाई आहे. दुकानदाराच्या हातून या नावांचे रक्षण व्हावे, एवढाच त्याचा हेतू. सरकारच्याच हातून होणाऱ्या वापराविषयी त्यात अक्षर नाही.

परदेशांत अमेरिकेचा अनुभव सर्वांत बोधप्रद आहे, कारण तेथे या मोहाशी झगडा दोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. राजधानीला वॉशिंग्टन हे नाव १७९१ साली, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्षपदावर असतानाच, तिच्या उभारणीसाठी नेमलेल्या आयुक्तांनी दिले. यादवी युद्धाच्या काळात अर्थमंत्री सॅमन चेस यांनी एक डॉलरच्या नोटेवर स्वतःची छबी छापू दिली, आणि त्यानंतर चलन खात्याचे प्रमुख स्पेन्सर क्लार्क यांनी तर पाच सेंटांच्या नोटेवर आपलाच दाढीधारी चेहरा चढविला. हा प्रकार पेन्सिल्व्हेनियाचे प्रतिनिधी मार्टिन रसेल थेयर यांच्या ध्यानी येताच त्यांनी सभागृहात आवाज उठविला, आणि ७ एप्रिल १८६६ च्या कायद्याने सरकारी रोख्यांवर व नोटांवर कोणाही हयात व्यक्तीचे चित्र छापण्यास बंदी झाली. नाण्यांना हा नियम लागू नव्हता, म्हणून १९२६ सालच्या अर्ध्या डॉलरच्या स्मारक-नाण्यावर विद्यमान अध्यक्ष कूलिज यांची मुद्रा उमटली. २००५ साली अध्यक्षांच्या डॉलर-नाण्यांसंबंधी कायदा झाला, त्यात मात्र हयात अध्यक्षाचे, आणि दिवंगत अध्यक्षाचेही मृत्यूनंतर दोन वर्षे लोटल्यावाचून, चित्र वापरू नये अशी तरतूद घालण्यात आली.

चलनाच्या बाबतीत दाखविलेला हा निग्रह वास्तूंच्या बाबतीत टिकला नाही. १७ सप्टेंबर १९३० रोजी नेवाडाच्या वाळवंटात, कोलोरॅडो नदीवरील प्रचंड धरणाकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या आरंभसमारंभात, अंतर्गत कारभाराचे मंत्री रे लायमन विल्बर यांनी रुळात चांदीची मेख ठोकली आणि त्याच भाषणात धरणाला आपले वरिष्ठ, अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांचे नाव जाहीर केले. हूवर स्वतः अभियंते होते, आणि नदीच्या पाणीवाटपाचा १९२२ चा करार घडवून आणण्यात त्यांचा वाटा मोठा होता. तेव्हा नाव अस्थानी होते असे कोणी म्हणू शकले नसते. पण देश मंदीत होरपळत होता, बेकारांच्या झोपड्यांना लोक ‘हूवरव्हिल’ म्हणू लागले होते, आणि १९३२ च्या निवडणुकीत हूवर यांचा दारुण पराभव झाला. नवे मंत्री हॅरोल्ड इकेस यांनी १९३३ च्या मे महिन्यात हुकूम काढून धरणाला ‘बोल्डर’ हे आधीपासून प्रचारात असलेले नाव लावले. पुढे चौदा वर्षे नकाशे एक म्हणत, लोक दुसरेच म्हणत. अखेर १९४७ साली प्रतिनिधिगृहाने आणि सिनेटने ठराव करून हूवर यांचे नाव परत बहाल केले, आणि त्यावर ३० एप्रिल रोजी सही करणारे अध्यक्ष ट्रूमन हे विरुद्ध पक्षाचे होते. सेवकाच्या तोंडून जाहीर झालेले नाव तीन वर्षांत पुसले गेले, आणि त्याच मनुष्याला सत्तेवरून उतरून चौदा वर्षे लोटल्यावर कायदेमंडळाने दिलेले तेच नाव आजतागायत टिकले आहे.

या अनुभवातूनच अमेरिकेत पुढे अंशतः नियम झाले. ज्या सभासदाची मुदत चालू आहे त्याचे नाव सार्वजनिक बांधकामाला देणारे विधेयक विचारात घेऊ नये, असे प्रतिनिधिगृहाचे नियम सांगतात. आणि १९८६ च्या कायद्यान्वये राजधानीतील सरकारी जमिनीवर कोणा व्यक्तीचे स्मारक तिच्या मृत्यूला पंचवीस वर्षे झाल्यावाचून साधारणतः उभारता येत नाही. हे सारे नियम तुकड्यातुकड्यांचे असल्यामुळे मधल्या फटी उघड्या राहिल्या. १९६४ च्या कायद्याने जॉन केनेडी यांच्या स्मरणार्थ अर्पण केलेल्या वॉशिंग्टनमधील कलाकेंद्राला विद्यमान अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचेही नाव जोडण्याचा ठराव २०२५ च्या डिसेंबरात त्या केंद्राच्या विश्वस्त मंडळाने केला, आणि त्या मंडळाचे अध्यक्षपद ट्रम्प यांच्याकडेच होते. कायद्याने दिलेले नाव मंडळाच्या ठरावाने वाढविता येते काय, हा वाद तेथे उभा राहिला, हे ओघानेच आले.

फटी न ठेवणारे कायदे इतरत्र झाले आहेत. फिलिपाइन्सने १९५४ साली रस्ते, पूल, शाळा, उद्याने, धक्के, इतकेच काय सरकारी जहाजे यांनाही हयात व्यक्तीचे नाव देण्यास एका कायद्याने मनाई केली. ब्राझीलच्या २४ ऑक्टोबर १९७७ च्या कायद्याने सार्वजनिक मिळकतीला हयात व्यक्तीचे नाव देता येत नाहीच; शिवाय बांधकामाच्या फलकांवर अथवा सरकारी वाहनांवर अधिकाऱ्यांची नावे लिहिण्यासही तो प्रतिबंध करतो. त्या देशाच्या १९८८ च्या राज्यघटनेने आणखी पुढे जाऊन, सरकारी प्रसिद्धीत अधिकाऱ्याची वैयक्तिक जाहिरात होईल असे नाव, चिन्ह किंवा चित्र असता कामा नये, असे बजावले आहे. माझ्या मते या विषयावरील तरतुदींत ब्राझीलची तरतूद सर्वांत विचारपूर्वक केलेली आहे.

एकाधिकारशाह्यांची उदाहरणे थोडक्यात आटोपता येतील, कारण त्या सर्वांची वाट एकच. व्होल्गाकाठच्या शहराला १९२५ साली स्टालिन यांचे नाव मिळाले आणि १९६१ साली गेले. लिस्बनचा सालाझार पूल १९६६ साली त्यांच्याच सत्तेत खुला झाला आणि १९७४ च्या क्रांतीनंतर त्याचे नाव बदलले. कझाकस्तानच्या राजधानीवरील नूरसुलतान हे नाव २०१९ ते २०२२ एवढेच टिकले. सोव्हिएत सत्तेला हे स्वतःच उमगले आणि १९५७ साली तिने हयात व्यक्तींची नावे गावांना देण्यास बंदी केली. मोलोटोव्ह शहर पुन्हा पर्म झाले, व्होरोशिलोव्हग्राड पुन्हा लुगान्स्क झाले. पण मार्शल व्होरोशिलोव्ह १९६९ साली वारले, आणि पुढच्याच वर्षी लुगान्स्कला त्यांचे नाव परत चिकटले. केवळ मृत्यूची अट घातल्याने काम भागत नाही, एवढे यावरून दिसते. अमेरिकेतही केनेडींच्या हत्येनंतर आठवडाभरात केप कॅनव्हरल या भूशिराला त्यांचे नाव दिले गेले, आणि चारशे वर्षांचे ते जुने नाव दहा वर्षांनी फ्लोरिडा राज्याने कायदा करून परत आणले.

आपल्या न्यायालयांनी या विषयाला हात घातला आहे, पण कडेकडेने. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये रस्त्यांवर व पदपथांवर पुतळे बसविण्यास राज्य सरकारांनी परवानगी देऊ नये असा आदेश दिला. तो वाहतुकीच्या अडथळ्यापुरता. मे २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने सरकारी जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान व सरन्यायाधीश यांच्याखेरीज कोणाचे छायाचित्र नसावे असे ठरविले, परंतु पुढच्याच वर्षी पुनर्विचारात राज्यपाल, मुख्यमंत्री व मंत्री यांनाही सवलत मिळाली. तमिळनाडूतील एका योजनेला मुख्यमंत्री स्टॅलिन यांचे नाव दिल्यावरून मद्रास उच्च न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी हयात व्यक्तींची नावे योजनांना वापरण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने आठवड्याच्या आत तो आदेश रद्द केला आणि अर्जदारावर दहा लाखांचा भुर्दंड बसविला. ही चाल देशभर सर्वच पक्षांच्या राजवटींत रूढ असता एकाच पक्षाला वेचून काढणे योग्य नव्हे, असा त्या निर्णयाचा रोख होता. न्यायालयाचे निरीक्षण वस्तुस्थितीला धरून आहे यात वाद नाही. पण सर्वांनीच केलेली गोष्ट कायदेशीर असली तरी योग्य ठरत नाही, आणि ती थांबविण्याचे काम कायदेमंडळाचे आहे, ही जाणीव त्या निर्णयाने अधिकच तीव्र केली.

अलीकडच्या दोन घटनांचा उल्लेख येथे अटळ आहे. उत्तर प्रदेशात मायावती मुख्यमंत्री असता लखनौ व नोएडा येथे उभारलेल्या उद्यानांत फुले, शाहू महाराज व आंबेडकर यांच्या पुतळ्यांबरोबर त्यांचेही पुतळे बसले, आणि २०१२ च्या निवडणुकीत निवडणूक आयोगाच्या आदेशाने ते कापडात झाकावे लागले. शतकानुशतके ज्यांना कोणी चौथराच दिला नाही त्या समाजाला आपली माणसे दगडात पाहण्याचा हक्क आहे, हा त्यामागचा युक्तिवाद मला पोकळ वाटत नाही; फुले-शाहू-आंबेडकरांच्या पुतळ्यांनी तो पूर्णांशाने सिद्ध होतो, आणि मुख्यमंत्र्यांच्या पुतळ्यांनी त्यात भर पडत नाही. दुसरी घटना अहमदाबादेतील मोटेराची. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन होत असता, आजवर सरदार पटेलांच्या नावाने ओळखले जाणारे ते क्रीडांगण विद्यमान पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या नावाने यापुढे ओळखले जाईल, असे जाहीर झाले. मालकी क्रिकेट संघटनेची असल्याचे समर्थन झाले. चर्चगेटच्या दोन क्रीडांगणांच्या वेळीही तेच समर्थन होते, आणि तिन्ही ठिकाणी ते सारखेच लंगडे आहे. सत्तेच्या प्रसादावर अवलंबून असलेली संस्था सत्ताधीशाला अर्पण करते ते नाव स्वेच्छेचे मानता येत नाही.

मग हयात असलेल्या कोणाचाच सन्मान होऊ नये काय? १९५८ साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी शंभरी गाठली तेव्हा भारत सरकारने त्यांच्या हयातीतच त्यांचे टपाल तिकीट काढले, आणि साऱ्या देशाला त्याचा आनंद झाला. कर्व्यांच्या हातात कोणतीही सत्ता नव्हती, तिकीट काढणाऱ्याला त्यांच्याकडून काही मिळावयाचे नव्हते. फिलिपाइन्सचा कायदा लावला असता तर अशा पुरुषाच्या नावाने त्याच्या हयातीत शाळासुद्धा काढता आली नसती. म्हणून कायद्याची रेषा जीवन आणि मरण यांच्यामध्ये आखण्यापेक्षा अधिकार आणि अधिकारमुक्ती यांच्यामध्ये आखणे मला अधिक न्याय्य वाटते: जो पदावर आहे, किंवा पद सोडून ज्याला पुरती दहा वर्षेही झाली नाहीत, त्याचे नाव नको, आणि मृत्यूच्या शोकावेगातही काही वर्षे थांबावे. तमिळनाडूने १९९७ साली जातीय दंगलींनंतर जिल्ह्यांना व परिवहन महामंडळांना दिलेली सर्वच नेत्यांची नावे काढून टाकली, ती तर दिवंगतांची होती. घाईने वाटलेली नावे परत घेण्याची पाळी किती कटू असते ते त्या राज्याने भोगले आहे.

मोठ्या वास्तूंची चर्चा होते, पण रोजच्या दृष्टीस पडणारे आक्रमण लहान वस्तूंवर आहे. आपल्या कोणत्याही शहरातील बसथांब्याचे छत, बागेतील बाक, मुताऱ्यांच्या भिंती आणि गटारावरची फरशी पाहावी. ‘संकल्पना’ म्हणून नगरसेवकाचे, ‘विशेष प्रयत्न’ म्हणून आमदाराचे आणि ‘शुभहस्ते’ म्हणून मंत्र्याचे नाव वास्तूच्या नावाहून मोठ्या अक्षरात रंगविलेले असते. आचारसंहिता लागली की पालिकेचे कामगार शिडी आणि खळीचा डबा घेऊन फिरतात, कोनशिलांवर कागद डकवितात, आणि मतमोजणी झाली की तो कागद पावसाने सोलून निघेपर्यंत तसाच लोंबत राहतो. निवडणुकीच्या दीड-दोन महिन्यांपुरते जे अयोग्य म्हणून झाकले जाते, ते उरलेला सर्व काळ योग्य कसे, याचे उत्तर कोणत्याही सरकारी परिपत्रकात मिळत नाही.

महाराष्ट्र विधिमंडळाला यासाठी दिल्लीकडे पाहण्याची आवश्यकता नाही. स्थानिक स्वराज्य संस्था, राज्याच्या वास्तू आणि सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने उभ्या असलेल्या संस्था हे तिन्ही विषय राज्याच्या कक्षेत येतात. फलकांवरील नावांसंबंधी ब्राझीलसारखे एक कलम घालून, आणि नाव सुचविणाऱ्या समितीत सत्तारूढ पक्षाचे बहुमत राहणार नाही अशी तजवीज करून, चार-पाच कलमांचा अधिनियम एका अधिवेशनात मंजूर होऊ शकेल. विरोधी पक्षात असताना ज्यांनी ज्यांनी या प्रथेवर टीका केली आहे, त्यांची संख्या सर्व पक्ष मिळून सभागृहाच्या बहुमताहून कमी भरणार नाही. येत्या अधिवेशनात त्यांच्यापैकी एकाने तरी अशासकीय विधेयक म्हणून हा मसुदा मांडावा, आणि वाचकांनी आपापल्या आमदाराला तसे पत्र लिहावे, अशी माझी विनंती आहे.